मागून आणलेली पाती

आमच्या घरी गवती चहा कधी विकत आणला नाही. आलं, वेलची बाजारातून यायची; पाती मात्र पावसाची पहिली सर आली की कुणाच्या तरी परड्यातून आणायची. चिपळूणला शेजारच्या काकूंच्या न्हाणीमागे तिचा ठोंब होता. न्हाणीचं पाणी थेट त्याच्या बुडाशी जायचं, त्यामुळे ऐन मे महिन्यातही तो हिरवागार, माझ्या कमरेएवढा. "काकू, चार पाती हव्यात," असं कुंपणावरून ओरडलं की आतून उत्तर यायचं, "कडेची काप गो, मधली नको. आणि हात सांभाळ." हात सांभाळणं मला कधीच जमलं नाही. पातीची कड करवतीसारखी. बोटावर केसाएवढी रेघ उमटते, तेव्हा कळतही नाही. झोंबते ती दुपारी लिंबू पिळताना.

चार पाती आणायला गेलेलं माणूस अर्ध्या तासाने परतायचं. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं, सगळं कळून यायचं. तोवर इकडे चहा खोळंबलेला.

आई पाती धुऊन तिची गुंडाळी करून गाठ मारायची, म्हणजे गाळताना कचरा होत नाही. ती थंड पाण्यातच टाकायची, मग आलं, उकळी फुटली की चहा पावडर, दूध अगदी शेवटी. आणि वर झाकण हवंच. नाहीतर, ती म्हणायची, "वास शेजाऱ्यांना आणि पाणी आपल्याला." पुढे कळलं की पातीतल्या तेलात ६५ ते ८५ टक्के सायट्रल हे वासाचं द्रव्य असतं, लिंबाच्या सालीतलंच, आणि ते वाफेबरोबर उडून जातं. आईला सायट्रल ठाऊक नव्हतं. झाकण ठाऊक होतं.

सर्दी झाली की याच पातीचा बिनदुधाचा काढा: तुळस, मिरी, गूळ. त्याने सर्दी जाते असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. नाक मोकळं होतं, घाम येतो, आणि कुणीतरी आपल्यासाठी स्वयंपाकघरात उभं आहे एवढं नक्की कळतं.

या गवताला आपल्याकडे फुलोरा क्वचितच येतो. मी तर अजून पाहिलेला नाही. बी नाही, म्हणजे नवं रोप हवं तर पावसाच्या तोंडावर ठोंब फोडायचा आणि मुळासकट दोन-तीन दांडे दुसरीकडे लावायचे. काकूंचा ठोंब त्यांच्या माहेरून, गुहागरहून आलेला. डोंबिवलीच्या आत्याचा काकूंकडून. म्हणजे खरं तर झाड एकच, परड्यापरड्यांतून चालत निघालेलं.

ते माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. पुण्यात नवव्या मजल्यावर राहायला आले, जुलैत घसा धरला, आणि मागायला कुंपणच नव्हतं. शेवटी मोबाइलवरून 'लेमनग्रास' मागवलं. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पाच पांढरट दांडे आले, वरची पाती साफ छाटलेली! थाई सुपात बुडाकडचा हा कोवळा दांडाच ठेचून घालतात, तेव्हा पाठवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. आपण जे चहात घालतो ते त्यांनी कापून टाकलं होतं, आणि आपण जे मातीत राहू देतो तेच मला पाठवलं होतं.

त्या दिवशी आल्याचा चहा प्यायले. दांडे मात्र टाकवेनात, म्हणून पाण्याच्या ग्लासात उभे करून खिडकीत ठेवले. दोन कुजले. उरलेल्या तिघांना पंधरा दिवसांत पांढऱ्या मिशा फुटल्या. रंगाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात लावले. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "विकतचा? वास तरी येतो का त्याला?" येत होता.

यंदा जूनमध्ये खालच्या मजल्यावरच्या गुजराती भाभी चुकून त्यांच्याकडे गेलेलं कुरिअर द्यायला आल्या. बाल्कनीकडे बघून म्हणाल्या, "अरे, लीली चा!" मी कात्री आणायला आत वळले आणि वळता वळता म्हटलं, "कडेची घ्या हं, मधली नको. आणि हात..."

तोवर त्यांनी बोट तोंडात घातलं होतं. कुरिअर द्यायला आलेल्या भाभी मग चहा घेऊनच गेल्या, पाऊण तासाने.