बॅस्टिलला बस थांबत नाही

दहा दिवसांची युरोप टूर झाली. लंडन, ब्रुसेल्स, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि रोज रात्री तोच राजमा-भात. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. लिहायचंय ते पॅरिसमधल्या एका दुपारबद्दल.

सांगलीच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवला. 'फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे व परिणाम लिहा' हा पाच गुणांचा हुकमी प्रश्न. त्यामुळे पॅरिस म्हटलं की मला आयफेल टॉवरच्या आधी बॅस्टिल आठवतं, १७८९ च्या जुलैत लोकांनी फोडलेला तो तुरुंग-किल्ला. टूर मॅनेजरला मुंबई विमानतळावरच विचारून ठेवलं होतं. "रस्त्यातच आहे मॅडम," म्हणाला.

खरंच रस्त्यातच निघालं. बस एका चौकाला वळसा घालून गेली, माइकवर "डावीकडे बॅस्टिल" असं आलं आणि लगेच परफ्यूमच्या दुकानातल्या सवलती सुरू झाल्या. त्या दुकानाला मात्र दीड तास! आम्ही दोघं तिथून सटकलो आणि मेट्रोने परत चौकात आलो.

चौकात किल्ला नाही. एक उंच हिरवट स्तंभ आणि टोकावर सोनेरी पुतळा. तो स्तंभसुद्धा १७८९ चा नाही. त्यावर नावं कोरलीत ती १८३० च्या जुलैमधल्या तीन दिवसांत मेलेल्यांची. सोळाव्या लुईचा १७९३ मध्ये शिरच्छेद झाला, मग नेपोलियन आला आणि तो गेल्यावर लुईचेच दोन भाऊ पाठोपाठ गादीवर बसले. त्यातल्या धाकट्याला लोकांनी १८३० मध्ये हाकललं. वर्गात मी 'परिणाम' सांगताना सरंजामशाही संपवायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. ही घरवापसी कधी सांगितलीच नाही.

"मग किल्ला गेला कुठे?" ह्यांनी विचारलं. पाडला, फोडल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. एका ठेकेदाराने त्याच्या दगडांतून किल्ल्याच्या छोट्या प्रतिकृती घडवून गावोगावी पाठवल्या. बरेच दगड कॉन्कॉर्ड पुलाला लागले. आदल्या दिवशी आमची बस त्याच पुलावरून गेली म्हणे. मी झोपले होते.

सीन नदीच्या बाजूला दहा मिनिटं चाललं की एक लहानशी बाग लागते. १८९९ मध्ये मेट्रो खणताना सापडलेला एका बुरुजाचा पाया तिथे आणून मांडलाय. दगडांचं अर्धवट वर्तुळ, फटींतून गवत. शेजारच्या बाकावर एक कामगार लांबलचक पाव खात बसला होता आणि कबुतरं त्याच्या बुटांभोवती.

इथे एक कबुली देऊन टाकते. 'बॅस्टिल फोडून शेकडो राजकैदी मुक्त केले' असं मी वर्षानुवर्षं शिकवलं, पेपरात तसं लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण दिले. आत होते सात जण! चौघे बनावट हुंड्या करणारे, दोघे वेडे आणि एक घरच्यांनीच डांबलेला सरदार. लोक कैद्यांसाठी आलेच नव्हते. सकाळी त्यांनी अँव्हालिद या जखमी-म्हाताऱ्या सैनिकांच्या वसतिगृहातून हजारो बंदुका उचलल्या होत्या, बंदुकीची दारू मात्र बॅस्टिलमध्ये होती. त्याच अँव्हालिदमध्ये आम्हाला नेपोलियनची कबर दाखवली, बंदुकांबद्दल अवाक्षर नाही.

आणि मुळात पाव. १७८८ च्या जुलैत गारपिटीने पिकं झोपली, वर कडाक्याचा हिवाळा. चार पौंडांचा पाव आठ-नऊ सूवरून (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) फेब्रुवारीत साडेचौदा सूवर गेला, मजुराची रोजची कमाई वीस-तीस सू. खजिना अमेरिकेतल्या युद्धापायी बुडालेला, सरदार कर द्यायला तयार नाहीत. हे सगळं मी फळ्यावर 'आर्थिक कारणे' म्हणून दोन ओळींत उरकत असे. पावाचा भाव एकदाही लिहिला नाही. भाव सांगितला असता तर मागच्या बाकावरच्या पोरांनाही पटकन कळलं असतं, घरचं वाणसामान तीच आणत होती.

ह्यांनी पिशवीतून भडंगाची शेवटची पुडी काढली. बुरुजासमोर उभं राहून खाल्लं. दोन-चार दाणे सांडले तशी कबुतरं त्या कामगाराला सोडून आमच्याकडे आली.

बसला वीस मिनिटं उशीर झाला. सगळा ग्रुप आमच्याकडे बघत होता, मॅनेजर तर बोललाच नाही. एका बाईंनी परफ्यूमच्या पिशव्या सावरत विचारलं, "काही घेतलंत का मग?"