३९० किलोचा ड्रम आणि काट्यावरचे ५९०

आमच्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याच्या दोन ओळींतून फिरायला मिनी ट्रॅक्टर बरा पडतो. आता लोक त्याला पुढे लोडरही, म्हणजे माल उचलायचं बकेट, बसवून आणतात. असाच एक ट्रॅक्टर एप्रिलअखेरीस माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये आला. चालवणारा पंचविशीतला पोरगा, सोबत त्याचे वडील.

"भाऊ, शेणखत भरून उतारानं येत होतो. ब्रेक दाबला त ट्रॅक्टर थांबेच ना."

थांबणार कसा? ब्रेक मागच्या चाकांना, आणि मागची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मातीत बकेट रुतलं म्हणून पोरगा वाचला. लोडर विकणाऱ्याने पैसे मोजून घेतले, पण मागे वजन लागतं हे सांगायला त्याला तोंड नव्हतं. कंपनीची लोखंडी वजनं महाग पडतात. मी म्हटलं, ड्रममध्ये काँक्रीट भरून देतो.

वडील म्हणाले, "मंग अख्खा भरून टाक ना बाप्पा, अर्धा कायले?"

२०० लिटरचा ड्रम काठोकाठ भरला तर नुसतं काँक्रीटच ४८० किलो होतं, वर लोखंड वेगळं. पुस्तकात ट्रॅक्टरची मागची लिफ्ट ७५० किलोची लिहिली होती, पण तो आकडा खालच्या लिंकांच्या, म्हणजे अवजार जोडायच्या दोन दांड्यांच्या, टोकाला मोजलेला. ड्रमचा भार त्याच्याही मागे लोंबतो, तिथे लिफ्टचं बळ कमी पडतं. मी ड्रम दोन फुटांवर कापला. जुन्या ड्रमला ग्राइंडर लावण्याआधी मी तो पाण्याने भरतो, आत कशाची वाफ राहिली असेल सांगता येत नाही. ही पाच मिनिटं वाचवणारे कारागीर मला माहीत आहेत.

खरं काम ड्रमच्या पोटात असतं. खालच्या लिंकांसाठी एक जाड शाफ्ट आरपार घातला, दोन्ही टोकं २२ मिलिमीटरला उतरवून. नुसता गुळगुळीत शाफ्ट काँक्रीटमध्ये बसवला तर वर्षभराच्या धक्क्यांनी तो आतल्या आत फिरायला लागतो. म्हणून त्याला सळईचे तुकडे आडवेतिडवे वेल्ड केले. टॉप लिंकसाठी, म्हणजे वरच्या तिसऱ्या दांड्यासाठी, चॅनलचे दोन उभे खांब त्याच शाफ्टला जोडले. पिनांमधलं अंतर ट्रॅक्टरवरूनच घेतलं, कारण मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजाराचं माप मिनीला बसत नाही. मग एक बॅग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी. जागा होती म्हणून दोन इंची पाइपचे दोन तुकडेही उभे पुरले, सब्बल (पहार) आणि फावडं खोचायला. वडिलांना अख्ख्या कामात तेवढंच आवडलं.

मे महिन्यातलं ऊन. तीन आठवडे गोणपाट ओलं ठेवलं, सकाळ-संध्याकाळ पाणी.

मग कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गेलो. सीझन संपलेला, काटा रिकामाच. आधी ड्रम न लावता, बकेटमध्ये २५० किलो खत भरून नुसती मागची चाकं काट्यावर घेतली, २४० किलो. पुढची घेतली, १०६०. अख्ख्या ट्रॅक्टरचं वजन पुढच्या दोन लहान चाकांवर! मग ड्रम लावून उचलला. मागे ८३०.

काटेवाला उठून बाहेर आला. "ड्रम कितीचा हाये?"

ड्रम वेगळा तोलला, ३९०.

"मंग ५९० कसे वाढले? काटा बिघडला वाटते राजेहो."

काटा ठीक होता. पुढची चाकं परत घेतली तर १०६० चे ८६० झाले होते. ड्रम मागच्या धुरीच्याही (एक्सलच्याही) मागे लटकतो, म्हणून सब्बलीसारखा पुढचा भार उचलून मागे आणतो. टायरमध्ये पाणी भरलं तर मागचं वजन वाढतं, पण पुढच्या धुरीवरचा एक किलोही कमी होत नाही. हे मी खडूने जमिनीवर काढून दाखवलं. पाच-सहा जण जमले होते. खोटं कशाला बोलू, दहावी नापास माणसाला असं समजावून सांगायला मिळालं की चढतंच थोडं.

पोरगा खडूच्या रेघांकडे बघत होता. म्हणाला, "म्हंजे पुढं २०० किलोची जागा झाली म्हना."

मी म्हटलं, जागा नाही बाबा, ती धुरीच्या बेअरिंगांची सुटका आहे. २५० च्या वर भरू नको. त्याने मान हलवली.

आधी भार जास्त झाला की मागचं चाक हलकं व्हायचं, पोरगा घाबरायचा, थोडं खत खाली टाकायचा. आता मागचं चाक हलत नाही. पुढच्या धुरीला किती झालं हे तिला बोलता येत नाही, आणि तो २०० चा आकडा त्याला मीच खडूने लिहून दिला. नुसतं 'हे लाव आणि तेवढंच भर' एवढं सांगून पाठवलं असतं तर?

गेल्या बाजाराच्या दिवशी तो ट्रॅक्टर रस्त्यात दिसला. मागे माझा ड्रम, पाइपात सब्बल उभी. पुढे बकेटच्या तिन्ही बाजूंना सहा-सहा इंचाची नवी पट्टी चढवलेली. वेल्डिंग माझ्या हातचं नव्हतं, पण स्वच्छ होतं. पोराने हॉर्न वाजवून हात केला. मीही केला.