जुन्या जीपचं इंजिन चांगलं आहे का, हे मी फोनवर का सांगत नाही

जुनी डिझेल फोर बाय फोर घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण मला एकच विचारतो, "इंजिन भरवशाचं आहे हे ओळखायचं कसं?" सोबत मीटरचा फोटो असतो आणि धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या इंजिनचा व्हिडिओ. "असं सांगता येत नाही" म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा भाव खातोय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मीटरचा फोटो पाठवू नका. तो खरा असला तरी चाकं किती फिरली एवढंच सांगतो. चिखलात लो रेंजमध्ये, म्हणजे सगळ्यात संथ पण ताकदीच्या गिअरमध्ये, दिवसभर रेटलेल्या इंजिनचे मीटरवर जेमतेम काही किलोमीटर पडतात. धुतलेलं इंजिनही नको. ऑइल कुठून गळतं ते मला बघायचं असतं, आणि धुतल्यावर नेमकं तेच दिसेनासं होतं.

गाडी रात्रभर बंद हवी. आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका, असं मालकाला आदल्या दिवशीच सांगायचं. पोचल्यावर आधी रेडिएटरला हात लावायचा. कोमट लागला तर त्या दिवशी परत फिरायचं, कारण आजारी डिझेल इंजिन गरम झाल्यावर आपली बरीच दुखणी लपवतं. सुरू होताना थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला तर कूलंट जळतंय किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट पेटत नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर बहुतेक वेळा नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी), डिझेल पंप नाहीतर तुंबलेला एअर फिल्टर. मग ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगांवरून खाली सुटलेला गॅस, किती मारतंय ते बघायचं. आणि फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवायचं. बोटाला धूळ लागली तर ती इंजिननेही खाल्लेली आहे, आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासायला त्याहून वाईट काही नाही. शेवटी घाट. सपाटीवर कुठलंही इंजिन गोड चालतं.

एवढं सांगितलं की तुम्ही म्हणता, मग झालं की, हे सगळं बघितलं म्हणजे गाडी घ्यायला हरकत नाही. इथेच माझं अडतं.

माझ्या भाच्याने सांगलीकडची एक जुनी जीप पसंत केली होती. २०१९ च्या पुरानंतर त्या भागातल्या गाडीबद्दल मी आधी पाण्याचंच विचारतो. मालक म्हणाला, तेव्हा गाडी उंचावर होती. आम्ही मॅट उचलल्या, सीटचे बोल्ट बघितले, डॅशबोर्डखाली हात घातला. गाळ कुठेच नाही. थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. धूर स्वच्छ, बॅक कॉम्प्रेशन नावापुरतं. तरीही सोबतच्या मेस्त्रींना मी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो त्याची मोजणी, करायला लावली, मालकाने तोंड वाकडं केलं तरी. १, २ आणि ४ नंबरचे सिलिंडर जवळपास सारखे, ३ नंबरचा खाली. फार नाही, पण खाली. मला ते खटकलं. रिंगा गेल्या असत्या तर बॅक कॉम्प्रेशन मारायला हवं होतं. मेस्त्री म्हणाले, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग) उतरवलं की काम होईल. तेही शक्य होतंच.

"मामा, काय करू?"

"हेडच्या कामाचे पैसे कमी करून घे," मी म्हणालो.

मी 'घे' म्हटलं नव्हतं, हे मी नंतर घरी पुष्कळदा सांगितलं. 'नको' असंही म्हटलं नव्हतं. हेडचं काम पावसाळ्यानंतर करायचं ठरलं.

पावसाळा संपायच्या आतच पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट चढताना, मी त्याच्या शेजारी बसलेलो, इंजिनमधून टकटक सुरू झाली. भाच्याने ॲक्सिलरेटर सोडेपर्यंत मोठा दणका बसला आणि जीप होती तिथे थांबली. गरम ऑइलचा धूर बॉनेटमधून वर आला. खाली वाकून बघितलं तर ब्लॉकला बाजूने मूठभर भोक, आणि त्यातून पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या, तुटलेल्या कनेक्टिंग रॉडचं टोक दिसत होतं. ऑइल उतारावरून वाहत वळणापर्यंत गेलं होतं. मागून येणारे दुचाकीवाले घसरतील म्हणून आम्ही दोघं कडेची ओली माती ओंजळीने आणून त्यावर टाकत राहिलो. भाचा एक अक्षर बोलला नाही. पुढेही मला कधी काही बोलला नाही. बहीण बोलली.

इंजिन खोललं तेव्हा मी मुद्दाम गेलो. ३ नंबरच्या बोअरच्या वरच्या कडेला कार्बनचा पट्टा बाकी तिघांपेक्षा रुंद होता. म्हणजे तो पिस्टन बराच काळ वरपर्यंत पोचतच नव्हता. पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या भागावर, घासल्याची चमक तिरकी. रॉड आम्ही गाडी घेण्याच्या आधीपासून वाकलेला होता. कधीतरी इंजिनने पाणी ओढलं, पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकला. कुणीतरी पाणी काढून गाडी पुन्हा सुरू केली आणि ती चालत राहिली. पुराचं पाणी होतं की हौसेने उतरवलेल्या एखाद्या ओढ्याचं, मला आजही माहीत नाही.

लीक-डाऊन टेस्टने हे तेव्हाच उघड झालं असतं. पिस्टन वर आणून, नोजल काढून त्या जागेतून सिलिंडरमध्ये हवा भरायची. व्हॉल्व्ह खराब असेल तर हवा इनटेकमधून नाहीतर सायलेन्सरमधून फुसफुसते. हवा टिकते आणि तरीही कॉम्प्रेशन कमी, म्हणजे रॉडवर संशय घ्यायचा. त्या दिवशी मेस्त्रींकडे ते साधन नव्हतं, आणि गावोगावच्या गॅरेजांत ते सहसा नसतंच.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो की मेकॅनिकल पंपाचं जुनं इंजिन दगा देत नाही. २०१० च्या थारचं विचारलं की २४९८ सीसीचं सीआरडीई (डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमाने फवारणारं) सोडा, २५२३ सीसीचं साधं डीआय (मेकॅनिकल पंपाचं) घ्या, असं सांगून मोकळा व्हायचो. आता तेवढं सोपं वाटत नाही. डीआय रस्त्यात दुरुस्त होतं हे खरं. पण रस्त्यात दुरुस्त होतं म्हणूनच ते अनेकदा कसंबसं दुरुस्त केलेलं असतं. सीआरडीईच्या नोजलची रिटर्न टेस्ट, म्हणजे नोजल किती डिझेल परत सोडतं त्याची तपासणी, थोड्या वेळात आटपते, स्कॅनर थोडंफार तरी सांगतो. मात्र चारही नोजल बदलायची वेळ आली तर बजेट कोलमडतं. मग घ्यायचं कुठलं? डीआयकडे माझा ओढा अजून आहे. त्याला आता माझ्याकडे कारण मात्र राहिलेलं नाही.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश निघाल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्यांचे फोन वाढलेत. त्यांचा आधीचा मालक भेटत नाही, मधे एजंट असतो. इंजिन नंबर आरसीशी जुळवा, ब्लॉक बदललेला असेल तर तिथेच कळतं. नंबर जुळला म्हणून इंजिन चांगलं ठरत नाही.

परवा भाच्याचाच फोन आला. पुन्हा एक जीप बघितलीय. लीक-डाऊनसाठी नोजल काढायला मालक तयार आहे का, एवढंच मी विचारलं. नाही म्हणाला. मी गेलो नाही. तो जाऊन बघून आला, आणि अजून विचार करतोय.