तरुण गेला म्हणून?

काल फोनवर दादा सहज बोलून गेला, "तुला तो आवडतो कारण तो तरुण गेला. बापूरावांचंही तेच आहे तुझं." आणि लगेच आईच्या गुडघ्यांवर गेला, फिजिओवाला कधी येतो, ती पट्टा लावते की नाही वगैरे. मी हो हो करत राहिले. त्याच्या डोक्यातून ते वाक्य केव्हाच गेलं असेल, माझ्या डोक्यातून काही जाईना. रात्री भांडी घासताना तेच, आज ट्रेनमध्ये तेच, दुपारी कामात असतानाही तेच. खरंच तसं आहे का? मला डेनिस ब्रेनचं, त्या इंग्लिश फ्रेंच हॉर्नवादकाचं, वाजवणं आवडतं की त्याचं मरण?

लिहून बघते, सुटलं तर सुटेल.

आधी दादाच्या बाजूने. मला त्या रात्रीचं सगळं पाठ आहे. ३१ ऑगस्ट १९५७, एडिंबरा फेस्टिव्हल, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, कंडक्टर ऑर्मांडी, चायकोव्हस्कीची 'पॅथेटिक' सिम्फनी. ती संपवून हा गाडीत बसला आणि रात्रभर लंडनच्या दिशेने गाडी हाणत आला, सहाशेहून जास्त किलोमीटर, आणि १ सप्टेंबरच्या सकाळी हॅटफील्डला, घर अगदी टप्प्यात आलेलं असताना, गाडी झाडावर गेली. ट्रायम्फ टीआर टू. वय ३६. मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही पण हे मॉडेल माहितीये. हॅटफील्डवरून जाताना गॅलरिया मॉलच्या खालच्या बोगद्यात शिरलं की मला तो आठवतोच, त्याच्या वेळी तिथे ना मॉल होता ना बोगदा, विमानांचा कारखाना होता. लंडनमध्ये डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात कार्यक्रमाला गेले की परतताना वाट वाकडी करून हॅम्पस्टेड सिमेट्रीत जाऊन आलेली आहे मी. त्याच्या दगडावर हिंदेमिट या संगीतकाराच्या हॉर्न कॉन्चर्टोतल्या (कॉन्चर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला) ओळी कोरल्यात, हिंदेमिटने स्वतः लिहिलेल्या. त्याही पाठ आहेत. मग दादाला तसं वाटलं तर त्याचं काय चुकलं?

आणि बापूराव. हे दादाला माहीत नसणार आणि मीही काल रात्रीच तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. डेनिस १७ मे १९२१, लंडन. गायक बापूराव, म्हणजे द. वि. पलुस्कर, २८ मे १९२१, नाशिक. अकरा दिवस! बापूराव १९५५ च्या ऑक्टोबरात गेले, ३४ वर्षांचे, आणि हा दोन वर्षांनी. दोघांच्याही घरात संगीत आधीपासून मुक्कामाला. डेनिसचे आजोबा हॉर्न वाजवायचे, काका वाजवायचा, वडील ऑब्री ब्रेन तर बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राचे पहिले, म्हणजे मुख्य हॉर्नवादक, आई गाणारी. फरक एवढाच की वडील पं. विष्णु दिगंबर गेले तेव्हा बापूराव दहा वर्षांचे होते, आणि डेनिसला वडील शेजारी मिळाले. अगदी शब्दशः शेजारी, १९३८ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलला बाखच्या ब्रांडेनबर्ग कॉन्चर्टोत वडील पहिला हॉर्न आणि १७ वर्षांचा हा दुसरा, तेच त्याचं पहिलं जाहीर वाजवणं. त्याआधी लहानपणी दात आणि ओठ पक्के होईपर्यंत हॉर्नला हात लावायचा नाही असा ऑब्रींचा नियम होता, फक्त शनिवारी सकाळी एकदोन सूर फुंकायची परवानगी, गोडी टिकावी म्हणून. मला हा नियम फार आवडतो. आठवडाभर वाट बघून एकदोन सूर. 

बाबांचा या सगळ्याशी संबंध आहे का? असेल. तो विषय आज नको.

तर वाजवणं. मला खरंच वाजवणं आवडतं का, हे कसं तपासायचं? कारण आता त्याचं काहीही लावलं की ते ३६ कानात असतंच, ते बाजूला काढून ऐकता येत नाही. मी आज प्रयत्न केला. मोझार्टचे चारही कॉन्चर्टो लावले, १९५३ चं रेकॉर्डिंग, कंडक्टर कारायान आणि फिलहार्मोनिया, आणि स्वतःला सांगितलं की हा कोणीतरी साधा माणूस आहे, नव्वदीपर्यंत जगला, पेन्शन घेतली, नातवंडांना आगगाड्या दाखवायला नेलं. नाही जमलं. पण चौथ्याच्या रोमान्सपाशी, संथ भाग तो, मी हा सगळा उपद्व्याप विसरून गेले आणि नुसतीच ऐकत बसले. विसरले हे नंतर लक्षात आलं. आता हा पुरावा धरायचा का? मला धरावासा वाटतो.

कारण त्यात खरंच काय चाललंय ते ऐका. फ्रेंच हॉर्नची नळी, एफ पट्टीतला असेल तर, सरळ केली तर पावणेचार मीटरच्या आसपास भरते, बीफ्लॅट पट्टीतला त्याहून आखूड. तेवढ्या सगळ्या नळीतून हवा घालायची ती एवढ्याशा माउथपीसमधून. व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, पण व्हॉल्व्ह दाबला म्हणजे सूर मिळाला असं नाही, एकाच बोटावर कितीतरी सूर असतात आणि वरच्या पट्टीत ते एकमेकांना खेटून उभे असतात, त्यातला नेमका हवा तो ओठांनी पकडायचा. केसभर चुकलं की शेजारचाच लागतो किंवा सूर फाटतो, आणि हॉर्नचा फाटलेला सूर शेवटच्या रांगेपर्यंत जातो, लपवायची सोय नाही. म्हणून बहुतेक हॉर्नवाल्यांचं ऐकताना पोटात थोडा गोळा असतो, निघेल ना, निघेल ना. डेनिसचं ऐकताना तो गोळाच नसतो. तो अवघड जागी येतो आणि बोलता बोलता निघून जातो पुढे, इतका सहज की तिथे काही अवघड होतं हे तुम्हाला दुसऱ्या कोणाचं ऐकल्यावर कळतं. मोझार्टच्या त्या रेकॉर्डिंगच्या वेळी म्हणे त्याच्या स्टँडवर गाड्यांचं मासिक उघडं होतं, कॉन्चर्टो पाठच होते. आणि १९५६ मध्ये हॉफनुंग या व्यंगचित्रकाराच्या विनोदी संगीताच्या कार्यक्रमात त्याने चक्क बागेला पाणी घालायच्या रबरी पाइपवर लिओपोल्ड मोझार्ट, म्हणजे मोझार्टच्या वडिलांची रचना, वाजवली, सूर जुळावा म्हणून पाइप कात्रीने कापून. लोक हे किस्से गंमत म्हणून सांगतात, मला त्यातून एकच कळतं, की सूर वाद्यात नव्हता, आधीच त्याच्या ओठांत तयार होता. 

सुरुवातीला तो फ्रेंच बनावटीचा राऊ हॉर्न वाजवायचा, वडिलांसारखाच, अरुंद नळीचा, पिस्टनवाला. १९५१ मध्ये तो सोडून जर्मन अलेक्झांडर घेतला. राऊचा आवाज निमुळता, अलेक्झांडरचा भरदार. मला राऊवाला जास्त आवडतो. बेंजामिन ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराचं 'सेरेनेड' त्याच काळातलं, १५ ऑक्टोबर १९४३, विगमोर हॉल, युद्ध चालू, डेनिस एअर फोर्सच्या बँडमध्ये, वय २२. गाणारा टेनर पीटर पिअर्स. त्याच्या सुरुवातीला हॉर्न एकटा वाजतो आणि ब्रिटनने लिहून ठेवलंय की व्हॉल्व्ह वापरायचे नाहीत, नळीत मुळात जे सूर आहेत तेवढ्यावरच वाजवायचं. त्यातले काही सूर आपल्या आजच्या कानाला किंचित उतरलेले, किंचित चढलेले लागतात. न कळणाऱ्याला वाटतं बेसूर झाला. पण आपण ज्या घरात वाढलो तिथे तंबोरा लावलेला असायचा, तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, ते कानावरच पडत होतं. मला ते सूर पहिल्यांदा ऐकले तेव्हा परके वाटलेच नाहीत. शेवटी तेच पुन्हा स्टेजच्या मागून येतं. ब्रिटनने नंतर लिहिलं होतं की अमुक जागा वाजवता येणार नाही, बदला, असं डेनिस सहजासहजी म्हणायचा नाही, अशक्य वाटणारी जागाही आधी घोटून घोटून बघायचा आणि मगच काही सुचवायचा. म्हणजे सहजपणा आयता आलेला नव्हता. हे मला महत्त्वाचं वाटतं, का ते नीट सांगता येत नाही.

मधेच फार एकटं वाटलं आज. म्हणजे हे बोलायचं कोणाशी? इथे ऑफिसात कोणाला त्याचं नाव माहीत नाही, त्यांच्याच देशातला माणूस. मंडळात कोणाला सांगावं तर ते छान छान म्हणतात आणि चहाच्या रांगेकडे बघतात. तिकडे एक दादा होता ज्याला संगीतातलं सांगितलं की कळतं, आणि त्याने एका वाक्यात निकाल लावून टाकला. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीवर जीव लावला ती गोष्ट म्हणजे नुसतं कोणाच्या तरी मरणाला हळहळणं, असं झालं मग. वाईट वाटलं. खूपच वाटलं खरं तर.

मग एक सुचलं. पूलांक या फ्रेंच संगीतकाराने डेनिस गेल्यावर त्याच वर्षी त्याच्या आठवणीत 'एलेजी', म्हणजे शोकगीत, लिहिली, हॉर्न आणि पियानोसाठी. सुरुवातीला बारा वेगवेगळे सूर एकामागून एक, थंडगार, आणि मग एकदम संताप. मोठी रचना आहे, नावाजलेली. मला जर मरणाचंच वेड असतं तर मी ती रोज ऐकली असती ना? माझ्याकडे आहे ती, आणि मी ती जवळपास लावतच नाही. लावली तरी मधेच बंद करते. कारण त्यात सगळं आहे, फक्त तो नाही.

आणि मी काय सारखं लावते? स्ट्रॉस. १९५६ मध्ये कंडक्टर झावालिशबरोबर केलेली रेकॉर्ड, दोन्ही हॉर्न कॉन्चर्टो. पहिला स्ट्रॉसने अठरा वर्षांचा असताना लिहिला. त्याचे वडील फ्रान्झ स्ट्रॉस म्युनिकचे नावाजलेले हॉर्नवादक, म्हणजे घरातलंच वाद्य. दुसरा लिहिला १९४२ मध्ये, ७८ व्या वर्षी, वडील जाऊन ३७ वर्षं झालेली, बाहेर जग जळतंय, आणि म्हातारा पुन्हा वडिलांच्या वाद्याकडे येतो. त्या दुसऱ्यातला संथ भाग. तिथे हॉर्न बराच वेळ गप्पच असतो, आधी ओबो वगैरे मंडळी गातात, हॉर्न मागून येतो, थोडंसंच बोलतो. हे वाजवताना डेनिस ३५ चा. म्हातारपणाचा आव कुठेच आणत नाही, आवाजात मुद्दाम कंप नाही, उसासा नाही, स्ट्रॉसने जेवढं लिहिलंय तेवढं सरळ ठेवून देतो. आणि आज ते ऐकताना मला एकदम कळलं की मला राग येतोय. म्हणजे त्या जागी मला नेहमी जे काहीतरी होतं, ज्याला मी इतके दिवस भरून येणं समजत होते, तो राग आहे. हा माणूस ७८ व्या वर्षी काय म्हणाला असता? बरं ७८ सोडा, हॉर्नवाल्यांचे ओठ आणि दात तेवढे टिकत नाहीत, साठीत? साठीत म्हणजे १९८१. चांगल्या स्टिरिओत. हाच संथ भाग, सूर थोडा जड झालेला, एखादी जागा कदाचित फाटलेलीसुद्धा. कंडक्टिंगही सुरू केलं होतं त्याने, तिकडे वळला असता कदाचित, मग हॉर्न कमी झाला असता आणि मी कुरकुर केली असती. चाललं असतं मला. मोझार्टचा तो ज्याला पहिला म्हणतात तो कॉन्चर्टो खरं तर शेवटचा, हॉर्न वाजवणाऱ्या मित्रासाठी, लॉइटगेबसाठी लिहिलेला, लॉइटगेब साठीला टेकलेला, त्यामुळे मोझार्टने त्यात उंच सूर कमी ठेवले आणि वर हस्तलिखितात त्याला गाढव म्हणून चिडवून ठेवलं. म्हणजे वय झालेल्या हॉर्नवाल्यासाठीसुद्धा लिहिता येतं, मित्र असला तर. डेनिससाठी ब्रिटनने तसं काही लिहिलं असतं. जे लिहिलंच गेलं नाही ते मला ऐकायचंय, आणि हे कोणाकडे मागायचं?

तर दादा, तो तरुण गेला हे मला आवडत नाही, मला ते खुपतं. आता यात कौतुक किती आणि खुपणं किती हे निवडून वेगळं ठेवता येत नाहीये, आणि संध्याकाळपासून त्याचा त्रासही कमी झालाय. तांदळातले खडे थोडेच आहेत. राहू दे एकत्र.

आता खरं कुतूहल वेगळंच आहे. बापूरावांच्या रेकॉर्ड दादाने माझ्यापेक्षा जास्त ऐकल्यात, ते 'चलो मन' तर त्याला कुठे श्वास घेतलाय तिथपर्यंत पाठ आहे. रविवारी फोन करून त्याला विचारणारे, साठीतले बापूराव तुला कधी ऐकू येतात का रे? गळा थोडा खाली आलेला, पट्टी अर्ध्या सुराने उतरवलेली, पुण्यात सवाईला पहाटे बसलेत, समोर भीमसेनजी. आणि ऐकू येत असतील तर राग कोणता लावतात?