जिफी म्हणजे नेमकं किती?

लंडन ऑफिसमधला माझा सहकारी कॉलवर "बॅक इन अ जिफी", म्हणजे 'आलोच', म्हणाला आणि उठून गेला. म्यूट करायचं विसरला होता. त्यामुळे किटली उकळल्याचा, मग कपात चमचा फिरल्याचा आवाज मला इकडे पुण्यात ऐकू येत होता. साहेब परतायला अकरा मिनिटं लागली.

मी मोजली, कारण 'जिफीज' नावाचा एक काउंटर लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, खरोखरच आहे आणि त्याच दिवशी मी तो उघडून बसलो होतो. टायमरच्या दर ठोक्याला तो एकाने वाढतो. आमच्या मशीनवर सेकंदाला 250 ठोके, म्हणजे एक जिफी 4 मिलिसेकंदांची. त्या हिशेबाने एका कप चहाला 1,65,000 जिफी!

हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीपासून छापील इंग्रजीत सापडतो. मूळ मात्र अजून कुणाला लागलेलं नाही. असल्या बेवारशी शब्दालाही शास्त्रज्ञांनी सोडलं नाही. गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने प्रकाशाला एक सेंटिमीटर जायला लागणाऱ्या वेळाला जिफी म्हणा, असं सुचवलं. म्हणजे साधारण 33 पिकोसेकंद. त्यात चहाचा विचारसुद्धा मनात येणार नाही. 'कोकराने दोनदा शेपूट हलवावी इतक्यात' म्हणायचीही इंग्रजीत पद्धत आहे. अणुबाँबवाल्यांनी त्यातला 'शेक' उचलला आणि 10 नॅनोसेकंदांना ते नाव देऊन टाकलं. सेकंदात 10 कोटी शेक. कोकराचं काय होत असेल!

आपल्याकडे गाडी उलटी गेली. पळ म्हणजे चोख 24 सेकंद, घटका म्हणजे 24 मिनिटं. पूर्वी लग्नाचा मुहूर्त घटिकापात्र, म्हणजे तळाला भोक असलेलं भांडं, पाण्यात सोडून साधायचे. आणि बोलण्यात? आजी दुपारी "घटकाभर टेकते गं" म्हणून आडवी व्हायची, ती थेट चहाच्या वेळेला उठायची. तेव्हा तिला उठवायची कुणाची छाती नव्हती. इंग्रजांच्या 'मोमेंट'चीही (बोलण्यात नुसता 'मो') हीच गत. मध्ययुगात तो तासाचा चाळिसावा भाग होता, म्हणजे सरासरी दीड मिनिट.

अकरा मिनिटांनी साहेब आले. "सॉरी अबाउट दॅट," म्हणत त्यांनी एक घुटका घेतला. मी स्क्रीन शेअर करणार, एवढ्यात तिकडे दाराची बेल वाजली.

"हाफ अ मो," ते म्हणाले.

मी उठून आपला चहा टाकला.