भेटायला जायचं राहून गेलं, आणि त्यानंतरचं माझं वर्ष

मागच्या वर्षी माझी एक मैत्रीण गेली. आम्ही दोघी एकाच वयाच्या, ४३, आणि चर्चच्या क्वायरमध्ये अठरा वर्षं शेजारी शेजारी उभं राहून गायलेल्या, तिचा आवाज वरचा आणि माझा खालचा. आजार कळल्यापासून ती जाईपर्यंत फक्त चौदा आठवडे मिळाले आणि त्या चौदा आठवड्यांत मी तिला भेटायला एकदाही गेले नाही. मुद्दाम टाळलं असं नाही. आधी ऑफिसचं ऑडिट होतं, मग मुलाची परीक्षा, मग क्वायरचीच प्रॅक्टिस, आणि दरवेळी मी तिला मेसेज करायचे की पुढच्या आठवड्यात नक्की येते, तुझ्यासाठी प्रार्थना करतेय. प्रार्थना तरी किती केली, तर झोपताना एखादं वाक्य, आणि तेही रोज नाही.

अंत्यविधीला आम्ही गायलो. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, सगळं सुरात झालं, नंतर दोघातिघांनी येऊन सांगितलं की तुमच्या गाण्याने फार धीर आला. घरी आले तर झोप लागेना, कारण दिवसभर डोक्यात एकच ओळ फिरत होती, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आला. बायबलमधलं मत्तय २५. लहानपणी संडेस्कूलमध्ये पाठ केलेला अध्याय, शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा म्हणजे ख्रिस्त माणसांना वेगळं करतो, मेंढरं उजवीकडे शेरडं डावीकडे. त्या रात्री तो पुन्हा वाचला आणि पहिल्यांदा एक गोष्ट दिसली, की डावीकडच्या लोकांवर खून, चोरी, व्यभिचार असा कसलाच आरोप नाहीये. ते काय करायचे राहिले एवढंच राजा सांगतो. भुकेला होतो, दिलं नाही. आजारी होतो, आला नाहीत. बस. आणि त्यांना स्वतःला त्याचं आश्चर्य वाटतं, म्हणतात प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? मी पण हेच म्हटलं असतं. मी तर अठरा वर्षं तुझ्यासाठी गातेय प्रभू, मी तुला कधी नाही म्हटलं?

इथून जे सुरू झालं ते सरळ नव्हतं, म्हणून जसं घडलं तसंच सांगते.

सगळ्यात आधी मी हिशेब केला, अगदी कॅल्क्युलेटर घेऊन. स्तोत्र ९० ला मोशेची प्रार्थना म्हणतात, त्यात आहे की आमचं आयुष्य सत्तर वर्षांचं, शक्ती असली तर ऐंशी, आणि पुढे दोनच वचनांनी तो मागतो की आम्हाला आमचे दिवस गणायला शिकव. सत्तर वर्षं म्हणजे साधारण २५,५०० दिवस. माझे १५,७०० संपलेले. राहिलेल्या २७ वर्षांत रविवार साधारण १,४००. हा आकडा वहीत लिहिला आणि पोटात गोळा आला, कारण दोन वर्षांचे रविवार कसे निघून जातात ते मला चांगलं माहीत आहे. आणि हे सुद्धा सत्तर मिळाले तर. तिला ४३ मिळाले. लूक १२ मधला तो श्रीमंत माणूस आठवतो का, कोठारं मोडून मोठी बांधायला निघालेला? त्यानेही पुष्कळ वर्षांचा प्लॅन केला होता आणि देव म्हणाला आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल. मला वाटायचं ती पैसेवाल्यांसाठीची गोष्ट आहे. पण माझा ‘पुढचा आठवडा’ म्हणजे तेच कोठार होतं, फरक एवढाच की त्याने धान्य साठवलं आणि मी चांगले विचार.

मग भीती बसली. ही भीती मी जवळजवळ तीन महिने जगले आणि तेव्हा मला वाटत होतं की हेच पूर्ण मनाने विश्वास ठेवणं. पहाटे चारचा अलार्म. रोज दहा अध्याय. चर्चमध्ये कुठल्याही कामाला हात वर. उपास. मोबाईलमधलं सगळं काढून टाकलं. माणसाला एकदाच मरणं आणि त्यानंतर न्याय नेमून ठेवलाय हे इब्री ९:२७ कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवलं होतं, आणि रोज ते वाचून मी दिवसभर स्वतःला मार्क देत बसायचे. घरात सगळ्यांवर चिडचिड, मुलगा प्रार्थनेला उशिरा आला की त्याच्यावर ओरडणं, आणि एका रात्री नवरा शांतपणे म्हणाला, तू देवाला घाबरतेस आणि आम्ही तुला घाबरतो. मी त्याच्याशी भांडले. पण झोपताना मला कळत होतं की तो खरं बोललाय, कारण इतकं सगळं करून मी एकाही आजारी माणसाकडे गेले नव्हते, आणि अलार्म, अध्याय, उपास हे सगळं परत माझ्यापाशीच येऊन थांबत होतं.

शेवटी पास्टरांकडे गेले. वाटलं होतं ते म्हणतील की एवढं मनाला लावून घेऊ नका, देव प्रेमळ आहे, आणि तसं ते म्हणाले असते तर मी दुसऱ्या कुणाकडे गेले असते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला दोन वचनं पाठोपाठ मोठ्याने वाचायला लावली. आधी योहान ५:२४, की जो माझं वचन ऐकतो आणि ज्याने मला पाठवलं त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याच्यावर न्यायाचा प्रसंग येणार नाही, तो मरणातून जीवनात पार गेलाय. मग २ करिंथ ५:१०, की आपल्या सगळ्यांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे यायचंय. ताई, यातलं कुठलं खरं, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं दोन्ही. मग तुम्ही गेले तीन महिने फक्त दुसऱ्याच वचनावर का जगताय?

मग त्यांनी १ करिंथ ३ काढलं. पाया एकच, येशू ख्रिस्त, तो माझ्या पहाटे उठण्याने घातला गेला नाही आणि माझ्या चुकीने उखडणारही नाही. पण पायावर मी काय बांधते, सोनं रुपं की गवत पेंढा, ते त्या दिवशी अग्नीने तपासलं जाईल, आणि ज्याचं काम जळेल त्याचं नुकसान होईल तरी तो स्वतः तरेल, पण जणू आगीतून बाहेर पडल्यासारखा. म्हणजे न्याय आहेच, तो पुसलेला नाही, आणि माझं मैत्रिणीकडे न जाणं ही छोटी गोष्ट आहे असंही ते म्हणाले नाहीत. आणखी एक सांगितलं ते मला फार धरून ठेवतं. ही दोन्ही पत्रं प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेली, आणि त्या लोकांना न्यायासन म्हणजे काय ते माहीत होतं, पौलाला त्याच शहरात गल्लियो नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या न्यायासनापुढे ओढून नेलं होतं, प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये आहे ते, आणि त्या आसनाचे दगडी अवशेष आजही तिथे उभे आहेत. म्हणजे पत्र ऐकताना त्यांच्या डोळ्यासमोर चौकातला खराखुरा उंच दगडी ओटा आला असणार. फक्त पौल त्यांना सांगतो की त्या दिवशी तिथे गल्लियो बसलेला नसेल. ज्याच्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत तो बसलेला असेल. मी त्याच्यापुढे उभी राहणार आहे. कपाटातला तो कागद मी काढला नाही, खाली इब्री ९:२८ सुद्धा लिहिलं, कारण वाक्य २७ वर संपतच नाही, ख्रिस्त पुष्कळांची पापं वाहायला एकदाच अर्पिला गेला असं ते पुढे जातं. इतके महिने मी अर्धंच वाक्य वाचत होते!

कोमट असण्याबद्दलही माझी समजूत चुकीची होती. प्रकटीकरण ३ मधल्या लावदिकीया शहरातल्या मंडळीला प्रभू म्हणतो तू उष्ण नाहीस, शीत नाहीस, तुला ओकून टाकणार आहे. मला वाटायचं उष्ण म्हणजे भावना, डोळ्यात पाणी, हात वर. पण लावदिकीयाजवळ हिरापलीला गरम पाण्याचे झरे होते आणि दुसऱ्या बाजूला कलस्सैला थंड पाणी होतं, बरेच अभ्यासक म्हणतात की ऐकणाऱ्यांना तेच आठवलं असेल. गरम पाण्याने अंग शेकता येतं, थंड पाणी थकलेल्याला प्यायला देता येतं, कोमट पाणी कुणाच्याच उपयोगाचं नाही. असं वाचलं की प्रश्नच बदलतो. माझ्या मनात किती उकळी आहे हे मोजायचं नाही, तहानलेल्या माणसाला माझ्याकडून काही मिळतं का ते बघायचं. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिली, त्यात त्या कसलाही आडपडदा न ठेवता सांगतात की १८८३ ला बाप्तिस्मा घेतल्यावर कितीतरी वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळालेला होता पण ख्रिस्त मिळालेला नव्हता. एवढी विद्वान बाई, संस्कृत पंडिता, आणि हे असं मोकळेपणाने लिहिते. मला त्यातून धाडस आलं, की दृढीकरण, म्हणजे चर्चमध्ये स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, होऊन पंचवीस वर्षं झाल्यावरही मी म्हणू शकते, प्रभू, मला गाणं मिळालं होतं, तू नव्हतास.

आता खरी अवघड गोष्ट. मैत्रीण गेली होती. येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो म्हटलं, पण मी कुणाला काय परत करणार? क्षमा मी देवाकडे मागितली, ती मिळाली यावर माझा विश्वास आहे, तरीसुद्धा एका माणसाला तोंडाने सांगणं राहिलं होतं आणि ती म्हणजे तिची आई. मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो वेदीपुढे दान तसंच ठेव, आधी जा, समेट कर. म्हणून क्वायरमधून मी एक महिना बाजूला झाले आणि तरीही जायला पाच आठवडे लावले, हे पण लिहिते कारण लपवायचं नाहीये. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

मावशी एकट्याच होत्या. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, मावशी, मी एकदाही आले नाही, मी तिला खोटं सांगत राहिले की येते, मला माफ करा. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ती तुझी वाट बघायची गं. शेवटच्या आठवड्यात तिला ते तुम्ही दोघी गायचात ते गाणं ऐकायचं होतं, मी म्हटलं मी गाते, तर म्हणाली आई, खालचा आवाज पाहिजे त्याला.

त्यांनी मला दिलासा द्यायला काही जोडलं नाही, आणि मीही काही मागितलं नाही. दोघी रडलो. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, मला आता बारीक अक्षर दिसत नाही, गुरुवारी येऊन मला वचन वाचून दाखवशील का. माफ केलं हा शब्द त्या दिवशी त्यांनी वापरला नाही. चार महिन्यांनी एकदा स्वतःहून म्हणाल्या, स्तोत्र वाचता वाचता मध्येच थांबवून.

तेव्हापासून दर गुरुवारी जाते. बाकी जे बदललं ते लहान लहान आहे, पटपट सांगते. अलार्म साडेपाचला आणला आणि एकच अध्याय, पण तो वाचून झाल्यावर त्या दिवशीच्या एका माणसाचं नाव देवापुढे घेते आणि त्याला त्याच दिवशी फोन किंवा भेट. इब्री ३:१३ मध्ये ‘आज’ म्हटलेला वेळ आहे तोवर एकमेकांना बोध करा असं आहे, तर ‘नक्की येते’ हे मी आता तारीख सांगितल्याशिवाय म्हणत नाही. नवऱ्याने आणि मी मृत्युपत्र केलं, मुलाला बसवून सगळं समजावलं, तो आधी घाबरला मग खूप प्रश्न विचारले, स्वर्गाबद्दलचेसुद्धा, आणि माझ्याशी तो याच्याआधी असं कधी बोलला नव्हता. मोठ्या ताईशी सहा वर्षं बोलणं नव्हतं, तिला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. अजून नाही. हे सुटलेलं नाहीये, मी रोज त्यासाठी गुडघ्यावर जाते. आणि चुका होतातच, मागच्याच महिन्यात एका आजारी शेजारणीला मी परत एकदा टाळलं आणि तीन दिवसांनी गेले, पण गेले.

मरणाची भीती गेली का असं मला क्वायरमधल्या एका मुलीने विचारलं. पूर्ण गेलेली नाही. रात्री कधी छातीत धडधडतं, ते १,४०० रविवार आठवतात, आता ते अजून कमी झालेत. पण पूर्वी त्या दिवसाचा विचार आला की मी स्वतःचीच यादी काढायचे, आता मला त्याचा चेहरा बघायची ओढ वाटते, आणि त्याच्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही असंही वाटतं. या दोन्ही गोष्टी एकत्र राहतात माझ्यात.

मागच्या गुरुवारी मावशींनी स्तोत्र ९० सांगितलं. सतराव्या वचनापर्यंत, आमच्या हातचं काम सिद्धीस ने, तिथे पोचेपर्यंत त्या डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, आता ते गाणं म्हण. अंत्यविधीनंतर मी ते एकदाही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या ओळीलाच माझा आवाज गेला, तर वरचा भाग मावशींनीच म्हटला, थरथरत, आणि मी जमेल तसा खालचा धरला. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं अजून किती दिवस जाणार आहेस तिकडे. म्हटलं, त्या आहेत तोवर, नाहीतर मी आहे तोवर.