तुम्ही विचारलंत म्हणून: रबरी राक्षसांचे पिक्चर मी का बघते

‘तू एवढी वाचणारी-लिहिणारी, आणि असले पिक्चर बघतेस?’ असले म्हणजे तुटपुंज्या पैशात काढलेले राक्षसपट. ज्यांत रबराला पडलेली घडी दिसते, पाठीवरची चेन दिसते, उडणाऱ्या प्राण्याची तारही दिसते. विचारणारे बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात: ‘इतके टुकार असतात की हसून पुरेवाट होते, म्हणून ना?’ नाही, म्हणून नाही. हे तोंडी सांगून सांगून थकले, आता एकदा लिहूनच टाकते.

आधी तुमच्या बाजूचं बोलते. यातले बरेचसे पिक्चर कंटाळवाणे असतात. तासा-सव्वातासात राक्षस जेमतेम काही मिनिटं दिसतो, बाकी वेळ माणसं खोलीत उभी राहून बोलत असतात. कारण उघड आहे, बोलणं स्वस्त पडतं. एक टेबल, एक शास्त्रज्ञ, फोनवर एक लष्करी अधिकारी, की दहा मिनिटं निघाली. बायकांना किंचाळण्यापलीकडे फारसं काम नाही. आणि काही गोष्टी तर मला बघवत नाहीत. १९४० सालच्या एका पिक्चरात मगरीच्या पिल्लाच्या पाठीवर शिडासारखा खोटा पर चिकटवून त्याला जिवंत सरड्याशी झुंजवलंय. तेच तुकडे पुढे कितीतरी स्वस्त पिक्चरांनी उचलून वापरले. त्याचं समर्थन मी कधी केलं नाही, करणारही नाही.

एकेकाळी मी स्वतःच तावातावाने वाद घालायचे की पैसे नसतील तर राक्षस दाखवूच नका. माझा दाखला ठरलेला, १९४२चा ‘कॅट पीपल’. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तूर्नर. पोहण्याच्या तलावात एकटी बाई, छतावर हलणारे पाण्याचे कवडसे, कुठूनतरी गुरगुर आणि भिंतीवर सरकलेली सावली. बस्स. आजही अंगावर काटा येतो. न दाखवणं हीच खरी कला, असं मी ठासून सांगायचे.

मग एका नाटकात मी स्वतः राक्षस झाले.

शिकत असतानाची गोष्ट. शेवटच्या प्रवेशात दलदलीतून एक प्राणी वर येतो, आणि पोशाख माझ्या मापाचा झाला म्हणून आत मी. तो बनवला होता आमच्यातल्याच एका मित्राने. जुन्या गाद्यांचा फोम कापून, त्यावर लॅटेक्सचे थर चढवून, रात्र रात्र जागून. एकेक खवला त्याने वेगळा कापला होता. बघायची सोय म्हणजे प्राण्याच्या गळ्याशी दोन बारीक भोकं. डोळ्यांत घाम उतरला तरी पुसता येत नाही, कारण हात पंज्यांत अडकलेले. गोंदाचा वास डोक्यात चढतो. आपलाच श्वास एवढा मोठा ऐकू येतो की समोरच्याचं वाक्य संपलं की नाही तेही कळत नाही.

मी विंगेतून बाहेर आले आणि प्रेक्षागृह हसलं. फोमच्या आत हसणं नीट ऐकू येत नाही, ते अंगावर आदळतं. उजव्या पंज्याची दोन नखं मागे मुडपली होती. मला दिसत होतं, पण सरळ करता येत नव्हतं. तालमीत ठरलं होतं तशी चालत राहिले. वळले तेव्हा समोरच्या विंगेत तो मित्र दिसला. प्रेक्षकांकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो माझ्या पंज्याकडे बघत होता. मग पुढचे दिवे गेले, मागून एकच स्पॉट आला, प्राण्याचा नुसता आकार उरला, आणि हसू थांबलं. तोच फोम, तीच मुडपलेली नखं. सगळं प्रेक्षागृह चिडीचूप. परत दिवे आले, परत हशा.

पडदा पडल्यावर त्याने पाठीवरची चेन उघडली आणि पहिलं विचारलं, ‘नखं नेमकी कुठून वाकली?’ मी रडत होते. तो पंजा घेऊन दिव्याखाली जाऊन बसला. पुढच्या प्रयोगात नखं ताठ राहिली. लोक तरीही हसले. त्यानंतर त्याने असं काही बनवलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं की शेवटपर्यंत मागचा स्पॉटच ठेवायला हवा होता. माझ्या जुन्या मताप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. पण मग ते खवले कुणाला दिसले असते?

तेव्हापासून पडद्यावर राक्षस आला की तो कुणी घडवला आणि आत कोण आहे, हे माझ्या मनात आधी येतं. १९५६च्या ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’मधला शुक्रावरचा प्राणी बघून लोक खिदळतात. तो घडवला पॉल ब्लेझडेलने, आणि आत बसून हलवलाही त्यानेच. मुळात तो बसका ठेवला होता, कारण शुक्रावर गुरुत्वाकर्षण फार, अशी कल्पना होती. त्यामागे विचार होता, आणि तो मला दिसतो. ‘रोबॉट मॉन्स्टर’मध्ये (१९५३) तर गोरिलाच्या अंगावर पाणबुड्याच्या धर्तीचं शिरस्त्राण चढवलंय. जॉर्ज बॅरोजला ते काम मिळालं, कारण गोरिलाचा पोशाख त्याचा स्वतःचा होता. आणि ‘द जायंट क्लॉ’चा (१९५७) नायक जेफ मॉरो! चित्रीकरणात त्याने रिकाम्या आभाळाकडे बघून मनापासून भीती दाखवली. तो अवाढव्य पक्षी कसा दिसतो, हे त्याला थेट थिएटरात, स्वतःच्या गावच्या लोकांमध्ये बसून कळलं. लोक हसायला लागले आणि तो पिक्चर संपायच्या आत निघून गेला. हा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात, मला तो ऐकवत नाही.

म्हणूनच मुद्दाम वाईट काढलेले हल्लीचे पिक्चर माझ्यासमोर लावू नका. ‘शार्कनेडो’ला (२०१३) तुम्ही माझ्या आवडीच्या यादीत घालता तेव्हा मला खरंच राग येतो. तिथे तुम्ही हसावं हे आधीच ठरलेलं असतं. तुम्ही घाबरावं, असं ब्लेझडेलला वाटत होतं.

तुम्ही म्हणाल, मेहनत घेतली म्हणून पिक्चर चांगला होत नाही. नाही होत, मान्य. ‘कॅट पीपल’ या सगळ्यांपेक्षा सरस आहे, हेही मान्य. तरी त्यातलं जनावर मला नीट बघायचंय, ही ओढ प्रत्येक वेळी उरतेच. आणि नीट दिसलं की भीती जाते, तेही मला ठाऊक आहे. माझ्या मित्राच्या प्राण्यावर मी दिवे ठेवले असते की घालवले असते? एका आठवड्यात माझं उत्तर एक असतं, दुसऱ्या आठवड्यात दुसरं.

तर या कधीतरी, एकत्र बघू. हसू आलं तर हसा, मी अडवणार नाही. फक्त मधेच उठू नका, प्राणी पूर्ण दिसेपर्यंत तरी थांबा.